ऱ्होडोडेंड्रॉल

ऱ्होडोडेंड्रॉल हे काही वनस्पतींच्या सालीत व इतर भागांत आढळणारे फेनॉल वर्गातील सेंद्रिय संयुग आहे. जपानमधील कानेबो कॉस्मेटिक्स या कंपनीने त्वचा उजळवणारा घटक म्हणून ते विकसित केले आणि ‘ऱ्होडोडेनॉल’ या व्यापारी नावाने २००८ पासून आपल्या प्रसाधनांत वापरले. ही प्रसाधने वापरणाऱ्या अनेकांच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर कोडासारखे पांढरे डाग उमटल्याचे लक्षात आल्यावर ४ जुलै २०१३ रोजी कंपनीने ५४ उत्पादने बाजारातून परत मागवली. पुढे बाधितांची संख्या १९ हजारांहून अधिक झाली. वनस्पतिजन्य प्रसाधन घटकांच्या विकासाच्या इतिहासात हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते. एखादा पदार्थ वनस्पतीत आढळतो, एवढ्यावरून तो त्वचेसाठी सुरक्षित ठरत नाही. त्वचेतील विकर त्या पदार्थाचे रूपांतर कशात करतात, हे तपासणे आवश्यक असते, ही गोष्ट या प्रकरणातून स्पष्ट झाली.

नाव व रासायनिक रचना

या संयुगाचे नाव ऱ्होडोडेंड्रॉन या वनस्पती प्रजातीवरून पडले आहे. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘गुलाबाचे झाड’ असा होतो. हिमालयात बुरांश या नावाने ओळखला जाणारा लाल फुलांचा वृक्ष याच प्रजातीतील आहे.

ऱ्होडोडेंड्रॉलचे रासायनिक नाव ४-(४-हायड्रॉक्सिफिनिल)-२-ब्युटॅनॉल असे आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. त्याचा रेणुभार सुमारे १६६ आहे. रेणूच्या केंद्रस्थानी बेंझीनचे वलय असून त्याच्या एका टोकाला हायड्रॉक्सिल गट आणि बरोबर समोरच्या, म्हणजे चौथ्या, स्थानावर चार कार्बन अणूंची शाखा असते. अशा रचनेच्या संयुगांना ४-प्रतिष्ठापित फेनॉल असे म्हणतात. मानवी शरीरातील टायरोसीन या ॲमिनो आम्लाची रचनाही याच प्रकारची आहे. ऱ्होडोडेंड्रॉलचा उपयोग आणि त्याचा अपाय, दोन्हींचे मूळ या साम्यात आहे.

नैसर्गिक आढळ

ऱ्होडोडेंड्रॉल व त्याचे ग्लुकोजशी जोडलेले रूप असलेले ऱ्होडोडेंड्रिन हे ऱ्होडोडेंड्रॉन, भूर्ज आणि मेपल या वृक्षगटांतील काही जातींमध्ये आढळतात. जपानमधील निक्को मेपल हा वृक्ष त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. त्याला जपानी भाषेत ‘मेगुसुरिनोकी’, म्हणजे ‘डोळ्यांच्या औषधाचे झाड’, असे नाव असून त्याच्या सालीचा काढा लोकवैद्यकात वापरला जात आला आहे.

रास्पबेरी या फळाला वास देणारे रास्पबेरी कीटोन हे संयुग ऱ्होडोडेंड्रॉलचे जवळचे रासायनिक भावंड आहे. रास्पबेरी कीटोनचे क्षपण केल्यास ऱ्होडोडेंड्रॉल मिळते. त्यामुळे झाडांच्या सालीवर अवलंबून न राहता ते प्रयोगशाळेत व कारखान्यातही तयार करता येते. वनस्पतिजन्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक प्रसाधन घटकांच्या बाबतीत असेच घडते: रेणूचा शोध वनस्पतीत लागतो, परंतु बाजारात वापरला जाणारा माल बहुधा संश्लेषणाने बनवलेला असतो.

त्वचेचा रंग आणि टायरोसिनेज

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंजकद्रव्यावर अवलंबून असतो. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या मेलॅनोसाइट नावाच्या रंजकपेशी हे द्रव्य तयार करतात आणि सूक्ष्म कणांच्या रूपाने आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करणे हे मेलॅनिनचे प्रमुख कार्य आहे.

मेलॅनिन तयार होण्याची साखळी टायरोसिनपासून सुरू होते. टायरोसिनेज हा तांबेयुक्त विकर टायरोसिनचे रूपांतर डोपाक्विनोन या अत्यंत क्रियाशील संयुगात करतो. पुढील टप्प्यांत त्यापासून काळसर-तपकिरी अथवा तांबूस-पिवळे मेलॅनिन बनते. साखळीचा वेग ठरवणारा टप्पा टायरोसिनेजच्या हाती असल्याने त्वचा उजळवणाऱ्या बहुसंख्य घटकांचा रोख याच विकरावर असतो.

अशा घटकाचा शोध घेताना सामान्यतः वनस्पतींचे अर्क काढून त्यांची टायरोसिनेजवर चाचणी केली जाते. प्रभावी अर्कातील नेमका रेणू वेगळा केला जातो, संवर्धित रंजकपेशींवर त्याचा परिणाम पाहिला जातो, मलमातील त्याचे स्थैर्य व त्वचेत शिरण्याची क्षमता तपासली जाते आणि अखेरीस माणसांवर मर्यादित चाचण्या होतात. प्राथमिक चाळणीसाठी अळिंबीपासून मिळवलेले टायरोसिनेज मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, कारण ते सहज उपलब्ध असते. मानवी टायरोसिनेज मात्र त्याहून वेगळे असल्याने चाळणीत प्रभावी ठरलेला रेणू त्वचेवर तितकाच प्रभावी ठरतो असे नाही.

प्रसाधन घटक म्हणून विकास

जपानमध्ये त्वचेच्या उजळपणाला ‘बिहाकु’ अशी संज्ञा असून त्यासाठीच्या प्रसाधनांची बाजारपेठ मोठी आहे. तेथील कायद्यानुसार अशी प्रसाधने साध्या सौंदर्यप्रसाधनांत न मोडता ‘अर्ध-औषध’ या मधल्या वर्गात मोडतात. त्यांतील सक्रिय घटकाला आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते. मान्यता मिळालेल्या उत्पादनावर ‘मेलॅनिनची निर्मिती रोखून उन्हामुळे येणारे डाग व ठिपके टाळते’ अशा आशयाचा दावा करता येतो. त्वचेचा मूळ रंग बदलण्याचा दावा त्यात अभिप्रेत नसतो.

ऱ्होडोडेंड्रॉल टायरोसिनेजला रोखते असे कानेबोच्या संशोधनात दिसून आले. टायरोसिनशी साम्य असल्यामुळे ते विकराच्या क्रियाशील जागी बसते आणि टायरोसिनला तेथे पोहोचू देत नाही. अशा रेणूला स्पर्धात्मक निरोधक म्हणतात. जानेवारी २००८ मध्ये मंत्रालयाने २ टक्के प्रमाणात त्याच्या वापरास मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऱ्होडोडेनॉलयुक्त उत्पादने विक्रीस आली. काओ या मोठ्या जपानी उद्योगसमूहाने २००६ मध्ये कानेबो कॉस्मेटिक्स ताब्यात घेतलेली असल्याने ही उत्पादने त्या समूहाच्या वितरणव्यवस्थेतून जपानबरोबरच आशियातील इतर काही देशांतही पोहोचली. लोशन, दुधाळ लोशन, क्रीम, सीरम अशा अनेक रूपांत ती उपलब्ध होती. परिणामी एकच व्यक्ती तोच घटक असलेली दोन-तीन उत्पादने एकावर एक लावत असे. जपानमध्ये ही उत्पादने वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ८ लाख असल्याचा अंदाज आहे.

२०१३ मधील घटना

त्वचेवर पांढरे डाग पडल्याच्या तक्रारी कंपनीकडे २०११ पासून येत होत्या. डागांचे स्वरूप कोडासारखे असल्याने ते वापरकर्त्याच्या स्वतःच्या आजाराचे लक्षण समजले गेले आणि त्यांचा संबंध उत्पादनाशी जोडला गेला नाही. मे २०१३ मध्ये एका त्वचारोगतज्ज्ञाने आपल्या तीन रुग्णांमधील डाग ऱ्होडोडेनॉलयुक्त प्रसाधनांमुळे पडले असावेत, असे कंपनीला कळवले. त्यानंतर जुन्या तक्रारी पुन्हा तपासण्यात आल्या. ४ जुलै २०१३ रोजी कानेबो व तिच्या संलग्न कंपन्यांची ५४ उत्पादने स्वेच्छेने परत मागवण्यात आली.

जपानी त्वचारोग संघटनेने त्याच महिन्यात विशेष समिती स्थापन केली. फुजिता हेल्थ युनिव्हर्सिटीतील त्वचारोगतज्ज्ञ कायोको मात्सुनागा या समितीच्या अध्यक्ष होत्या. समितीने देशभरातील डॉक्टरांकडून माहिती गोळा केली, निदान व उपचारांची मार्गदर्शिका तयार केली आणि तिची सुधारित आवृत्ती वेळोवेळी प्रसिद्ध केली. वापरकर्त्यांपैकी सुमारे २ टक्के लोकांना बाधा झाल्याचा अंदाज या काळात पुढे आला.

सप्टेंबर २०१३ मध्ये बाह्य वकिलांनी केलेल्या चौकशीचा अहवाल जाहीर झाला. ग्राहकांच्या तक्रारींना आजार ठरवून बाजूला ठेवण्यात आले व त्यामुळे उपाययोजनेला उशीर झाला, अशी टीका त्यात करण्यात आली. बाधितांनी जपानमधील विविध न्यायालयांत नुकसानभरपाईचे दावे दाखल केले. कंपनीने वैद्यकीय खर्च व भरपाई देण्याची व्यवस्था केली.

लक्षणे व उपचार

बाधितांमध्ये बहुसंख्य महिला होत्या. त्यांत मध्यम व उतारवयातील महिलांचे प्रमाण मोठे होते. प्रसाधन लावले जाई त्याच भागांवर, म्हणजे चेहरा, मान, हातांची मागची बाजू व पुढील हात यांवर, डाग उमटले. काहींना डाग पडण्यापूर्वी त्या जागी लालसरपणा किंवा खाज जाणवली. काहींना कोणतेही पूर्वलक्षण नव्हते. डाग काही रुग्णांत पूर्ण पांढरे, तर काहींत अर्धवट फिकट होते. काळवंडलेल्या व पांढऱ्या ठिपक्यांचे मिश्रणही आढळले.

नेहमीच्या कोडापासून हा विकार वेगळा ओळखण्यासाठी प्रसाधनाच्या वापराचा इतिहास, डागांची जागा आणि वापर थांबवल्यानंतर रंग परत येतो का, या बाबी महत्त्वाच्या ठरल्या. पॅच चाचणीत थोड्याच रुग्णांना प्रतिक्रिया आली. यावरून हा विकार सर्वसाधारण ॲलर्जीपेक्षा वेगळा असल्याचे दिसून आले.

उपचारांतील पहिली पायरी म्हणजे प्रसाधनाचा वापर पूर्णपणे थांबवणे. त्यासोबत उन्हापासून संरक्षण, लावण्याची स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस मलमे आणि नियंत्रित अतिनील किरणोपचार यांचा उपयोग करण्यात आला. बहुतेक रुग्णांमध्ये वापर थांबवल्यानंतर काही महिन्यांपासून काही वर्षांत रंग पूर्णतः किंवा अंशतः परत आला. काहींचे डाग मात्र दीर्घकाळ टिकून राहिले. चेहऱ्यावरील डाग इतरांना सहज दिसत असल्यामुळे अनेक रुग्णांना मानसिक त्रास सहन करावा लागला. डाग झाकणाऱ्या विशेष प्रसाधनांचे मार्गदर्शन हाही उपचाराचा भाग ठरला.

कारणमीमांसा

घटनेनंतरच्या संशोधनात अपायाचे कारण बऱ्याच अंशी स्पष्ट झाले. फुजिता हेल्थ युनिव्हर्सिटीतील रसायनशास्त्रज्ञ शोसुके इतो व काझुमासा वाकामात्सु यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की टायरोसिनेज ऱ्होडोडेंड्रॉलला नुसते जागा अडवू देत नाही, तर टायरोसिनप्रमाणे त्याचेही ऑक्सिडीकरण करते. मानवी टायरोसिनेजही हे करू शकते, हे त्यांच्या प्रयोगांत सिद्ध झाले. या क्रियेत ऱ्होडोडेंड्रॉलपासून क्विनोन व इतर क्रियाशील संयुगे तयार होतात.

ही क्विनोन संयुगे पेशीतील गंधकयुक्त गटांशी जोडली जातात. त्यामुळे पेशीचे ऑक्सिडीकारक ताणापासून रक्षण करणारे ग्लुटाथायोन खर्ची पडते आणि प्रथिनांची रचना बिघडते. संवर्धित रंजकपेशींवरील प्रयोगांत टायरोसिनेजची क्रियाशीलता कमी केल्यास ऱ्होडोडेंड्रॉलची विषारीताही कमी झाली. याचा अर्थ विष बाहेरून येत नव्हते. रंजकपेशी स्वतःच्या विकराच्या साहाय्याने ते आपल्या आत तयार करत होत्या. त्वचेतील इतर पेशींमध्ये टायरोसिनेज नसल्याने त्या सुरक्षित राहिल्या आणि हानी रंजकपेशींपुरती मर्यादित राहिली.

यामागे प्रतिकारशक्तीचाही सहभाग असल्याचे काही रुग्णांच्या त्वचेच्या व रक्ताच्या तपासणीवरून दिसून आले. इजा झालेल्या रंजकपेशींवर टी-लसिकापेशींचा हल्ला झाल्यास डाग वाढू शकतात. यामागाता विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये बाह्यत्वचेत रंजकपेशी असणाऱ्या विशेष उंदरांच्या त्वचेवर ऱ्होडोडेंड्रॉल लावून तसेच डाग निर्माण केले. त्यामुळे या विकाराचा अभ्यास करण्यासाठी प्राणी-प्रतिमान उपलब्ध झाले. सर्वच वापरकर्त्यांना बाधा का झाली नाही, याचे पूर्ण स्पष्टीकरण एका घटकातून मिळत नाही. वापराचे प्रमाण, कालावधी, एकाच वेळी वापरलेल्या उत्पादनांची संख्या आणि व्यक्तिगत संवेदनशीलता या सर्वांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते.

तत्सम संयुगांचा पूर्वानुभव

४-प्रतिष्ठापित फेनॉलमुळे त्वचेचा रंग जाण्याची उदाहरणे ऱ्होडोडेंड्रॉलच्या कितीतरी आधीपासून ज्ञात होती. अमेरिकेत १९३९ मध्ये एका चामडे कमावण्याच्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडल्याची नोंद झाली. त्यांच्या रबरी हातमोज्यांमध्ये हायड्रोक्विनोनचे मोनोबेंझिल ईथर हे रसायन होते. पुढे हेच रसायन, व्यापक कोड असलेल्या रुग्णांच्या त्वचेवरील उरलासुरला रंग काढण्यासाठी औषध म्हणून वापरात आले.

भारतात या प्रकारचे सर्वांत परिचित उदाहरण टिकलीचे आहे. काही टिकल्यांच्या मागील चिकट थरात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फेनॉल हे रसायन असते. अशी टिकली रोज एकाच जागी लावल्यास कपाळावर तेवढ्याच आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. महाराष्ट्रासह देशभरातील त्वचारोगतज्ज्ञांना हा विकार परिचित असून प्रथम टिकली लावणे थांबवण्याचा सल्ला दिला जातो.

ऱ्होडोडेंड्रॉलच्या संदर्भात सर्वांत जवळची पूर्वसूचना रास्पबेरी कीटोनची होती. हे रसायन तयार करणाऱ्या जपानमधील कारखान्यातील कामगारांना पांढरे डाग पडल्याचा शोधनिबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हातमोजे, टिकली, सुगंधद्रव्य आणि प्रसाधन या चारही उदाहरणांतील पदार्थांचा उगम व उपयोग भिन्न आहे. त्यांच्यातील समान दुवा म्हणजे रेणूची रचना.

चाचण्यांची मर्यादा

सुमारे २ टक्के लोकांत दिसणारा अपाय मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत निसटणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नसते. एखादा अपाय १०० पैकी २ जणांना होत असेल आणि चाचणीत ३० व्यक्ती असतील, तर त्यांपैकी एकालाही तो न होण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के असते. व्यक्तींची संख्या १०० केल्यास ही शक्यता सुमारे १३ टक्क्यांवर येते. त्यातच, अपाय दिसण्यास अनेक महिने लागत असतील, तर काही आठवड्यांच्या चाचणीत मोठ्या गटातही तो दिसणार नाही.

याखेरीज ऱ्होडोडेनॉलच्या बाबतीत एक अडचण विशेष होती. त्वचेचा रंग कमी होणे हाच उत्पादनाचा अपेक्षित परिणाम असल्याने सुरुवातीचा फिकटपणा अपाय आहे की गुण, हे वापरणाऱ्याला ओळखता येत नसे. डागांच्या कडांलगतचा भाग अधिक गडद दिसू लागल्यास काही जण उत्पादनाचा वापर वाढवत.

नियमांतील बदल

या प्रकरणानंतर जपानमध्ये अर्ध-औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांना गंभीर दुष्परिणामांच्या प्रत्येक घटनेचा अहवाल ठरावीक मुदतीत देणे १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक करण्यात आले. त्वचा उजळवणाऱ्या नव्या घटकांच्या मान्यतेसाठी माणसांवरील दीर्घकालीन सुरक्षितता चाचणीवर भर देण्यात येऊ लागला. नवा रेणू टायरोसिनेजला केवळ रोखतो, की त्या विकराकडून त्याचे क्विनोनमध्ये रूपांतरही होते, हा प्रश्न संशोधनाच्या सुरुवातीलाच तपासण्याची पद्धत रूढ होत गेली.

इतर वनस्पतिजन्य घटकांशी तुलना

त्वचा उजळवण्यासाठी वापरले जाणारे इतर वनस्पतिजन्य घटक वेगवेगळ्या मार्गांनी कार्य करतात व त्यांची सुरक्षितता स्वतंत्रपणे तपासावी लागते.

आर्बुटिन: बेअरबेरी या झुडपाच्या पानांत आढळणारे हे संयुग म्हणजे ग्लुकोजशी जोडलेले हायड्रोक्विनोन होय. ग्लुकोज सुटा झाल्यास हायड्रोक्विनोन मुक्त होते. म्हणून युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या क्रीममध्ये आर्बुटिनसाठी ७ टक्के व अल्फा-आर्बुटिनसाठी २ टक्के अशी कमाल मर्यादा निश्चित केली.

ग्लॅब्रिडिन: ज्येष्ठमधाच्या मुळांतील हे फ्लॅव्होनॉइड टायरोसिनेजला रोखते व दाहही कमी करते. मुळांत त्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने शुद्ध स्वरूपात ते महाग असते. ज्येष्ठमधाची साधी पूड आणि ग्लॅब्रिडिनचे निश्चित प्रमाण असलेला अर्क या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एलॅजिक आम्ल: डाळिंब, स्ट्रॉबेरी इत्यादी फळांतील हे संयुग टायरोसिनेजमधील तांब्याशी जोडले जाते. त्यामुळे विकराची क्रिया मंदावते.

या घटकांचा परिणाम प्रामुख्याने उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर व डागांवर मर्यादित प्रमाणात दिसतो. वापर थांबवल्यावर अथवा उन्हापासून संरक्षण न केल्यास मेलॅनिन पुन्हा तयार होते. त्यामुळे डाग कमी करण्याच्या कोणत्याही उपायात सूर्यप्रकाशापासून संरक्षणाला प्रथम स्थान दिले जाते.

हे सुद्धा पहा

मेलॅनिन
टायरोसिनेज
कोड
हायड्रोक्विनोन
ज्येष्ठमध